आधी वाचा, मग सही करा

मंडळी, मागच्या धड्यांत आपण आपले नाव लिहायला आणि साधा अर्ज वाचायला शिकलो. आज त्या शिक्षणाचा मोठा उपयोग आपण पाहणार आहोत. हा धडा नोकरीविषयी आहे. माणूस नोकरीत असताना अधू झाला किंवा त्याला मोठा आजार जडला, तर मालकाला त्याला घरी पाठविता येते का? आणि तो मालक दवाखानाच असेल, तर काय?

दिघी, बोपखेल, भोसरी, चऱ्होली ही आपली गावे आता पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेली आहेत. शेती कमी झाली आणि नोकरी वाढली. कोणी चाकणच्या कारखान्यात जातो, कोणी भोसरीच्या एमआयडीसीत. पण या पट्ट्यात नुसते कारखाने नाहीत. लहानमोठे दवाखानेही पुष्कळ आहेत. तेथे डॉक्टर आणि सिस्टर असतात. तशीच फरशी पुसणारी, रोग्याला उचलणारी, भांडी उकळणारी, केसपेपर नेणारी माणसेही असतात. त्यांना सगळा दवाखाना मावशी आणि मामा म्हणतो. हा धडा खास त्यांच्यासाठी आहे. कारखान्यातल्या माणसालाही तो लागू पडेल.

नोकरी लागते तेव्हा अंगात बळ असते. पुढचे कोणी सांगावे? रोगी उचलता उचलता कंबर जाते. रस्त्यात अपघात होतो. साखरेच्या आजाराने पाय कापावा लागतो. कानाला ऐकू येईनासे होते. कोणाला सुई टोचून आजार होतो. मग एक दिवस ऑफिसात बोलावणे येते. साहेब गोड बोलतात. "मावशी, आता तुम्हाला हे झेपायचं नाही. उगाच जिवाला त्रास. या कागदावर सही करा, हिशेब घेऊन जा." मावशी घाबरते आणि सही करते. त्या कागदावर लिहिलेले असते, "मी माझ्या खुशीने राजीनामा देत आहे."

दावा पुष्कळदा याच कागदापाशी अडतो.

१. कायदा काय विचारतो?

अधू किंवा आजारी माणसाला पाहून लोक विचारतात, "याला काय झालंय?" कायद्याचे प्रश्न निराळे आहेत. ते दोन आहेत, आणि ते पाठच करून ठेवा.

पहिला प्रश्न : या माणसाला हे काम जमते का?

दुसरा प्रश्न : जमत नसेल, तर थोडी सोय करून दिली म्हणजे जमेल का?

या दोन प्रश्नांची उत्तरे न शोधता नुसत्या आजाराच्या नावावर माणसाला काढणे म्हणजे भेदभाव. आपल्या देशात यासाठी २०१६ साली दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा झाला. तो एप्रिल २०१७ पासून लागू आहे. आपण ज्याला अधू किंवा अपंग म्हणतो, त्याला सरकारी कागदात आता दिव्यांग म्हणतात. त्याआधी १९९५ चा कायदा होता. त्यात अपंगत्वाचे थोडेच प्रकार होते. नव्या कायद्यात २१ प्रकार आहेत. आंधळेपण, बहिरेपण, हातापायाचे अधूपण तर आहेच. शिवाय मनाचा आजार, सिकलसेल, थॅलेसेमिया, कंपवात, ॲसिड हल्ल्याने झालेले नुकसान हेही त्यात आहे. कुष्ठरोगातून बरा झालेला माणूसही त्यात आहे.

येथे एक गैरसमज दूर करू. पुष्कळ लोक म्हणतात, चाळीस टक्क्यांचा दाखला असेल तरच हा कायदा. तसे नाही. सरकारी नोकरीतील राखीव जागांसाठी चाळीस टक्के लागतात. पण भेदभाव करू नये हा नियम टक्क्यांवर थांबत नाही. अधूपण दीर्घकाळाचे असावे आणि त्याने माणूस अडत असावा, एवढे पुरे.

टक्क्यांवरून एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. महाराष्ट्रातील एका मुलाला डॉक्टर व्हायचे होते. त्याला बोलण्यात अडचण होती. दाखल्यावर चाळीसहून जास्त टक्के होते, म्हणून त्याला प्रवेशाला अपात्र ठरविले. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायालयाने सांगितले की नुसते टक्के पाहून दार लावू नका. या मुलाला हे शिक्षण झेपेल की नाही, ते तज्ज्ञांनी तपासले पाहिजे. त्याच्या प्रवेशाचा मार्ग मोकळा झाला. म्हणजे डॉक्टर होऊ पाहणाऱ्यालाही प्रश्न तोच आहे, काम जमते का?

२. पुण्याच्या एका बाईची गोष्ट

आता आपल्या जवळची, घडलेली गोष्ट ऐका. बाईचे नाव आम्ही सांगणार नाही. कंपनीचेही सांगणार नाही. गोष्ट महत्त्वाची आहे.

पुण्यात औषधे तयार करणाऱ्या एका कंपनीत ही बाई शिकाऊ ऑपरेटर होती. पाच वर्षे तिने काम केले. तिला नवऱ्यापासून एचआयव्हीची लागण झाली होती. २०१५ साली विम्याचे पैसे मिळावेत म्हणून तिने दवाखान्याचे कागद कंपनीत दिले. कागदांवरून आजार कळला. साहेबांनी बोलावून विचारले. तिने खरे ते सांगितले. काम मला जमते, मला नोकरीची गरज आहे, असेही सांगितले. पण अर्ध्या तासाच्या आत तिच्याकडून राजीनामा घेतला, असे तिचे म्हणणे होते.

विचार करा. ही कंपनी औषधे बनविणारी. आजार म्हणजे काय हे ज्यांना कळायला हवे, त्यांच्याच दारात हे घडले.

बाई गप्प बसली नाही. ती पुण्याच्या कामगार न्यायालयात गेली. तीन वर्षे गेली. २०१८ साली निकाल लागला. न्यायालयाने सांगितले की बाईला कामावर परत घ्या, आणि मधल्या काळाचा पगार व लाभही द्या.

राजीनाम्यावर सही होती, तरी न्यायालयाने ती सही कशी घेतली गेली हे पाहिले. म्हणून सही होऊन गेली असली, तरी सगळे संपले असे समजू नका. पण सहीच केली नसती, तर दावा किती सोपा झाला असता! तीन वर्षे थोडी नव्हेत. घरात चूल रोज पेटावी लागते.

३. मुंबईचा जुना निकाल

पुण्याच्या या निकालाच्या बरीच वर्षे आधी, १९९७ साली, मुंबई उच्च न्यायालयाने असाच एक मोठा निकाल दिला होता. सरकारी मालकीच्या एका कंपनीत एक माणूस रोजंदारीवर होता. त्याला कायम करायची वेळ आली, तेव्हा रक्त तपासले. एचआयव्ही निघाला. बाकी तब्येत कामाला योग्य होती. तरी त्याचे नाव यादीतून काढले.

न्यायालय म्हणाले, हा माणूस काम करू शकतो. त्याच्या कामामुळे दुसऱ्याला धोकाही नाही. मग नुसत्या लागणीमुळे त्याची भाकरी काढून घेता येणार नाही. त्याला पुन्हा यादीत घ्यायला लावले आणि बुडालेल्या मजुरीपोटी ४०,००० रुपये द्यायला लावले. त्या माणसाला खरे नाव न सांगता दावा चालविता आला. अब्रूच्या भीतीने जे पुढे येत नाहीत, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पुढे एचआयव्हीसाठी वेगळा कायदा झाला. तो २०१७ चा आहे आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. हा कायदा सरकारी आणि खाजगी दोन्ही मालकांना बांधतो. त्यात काय आहे ते नीट वाचा.

नोकरी देण्यासाठी एचआयव्हीची तपासणी सक्तीची करता येत नाही.

कोणाची लागण दुसऱ्याला त्याच्या संमतीवाचून सांगता येत नाही.

अशा माणसाला कामावरून काढायचे, तर मालकाने दोन कागद दिले पाहिजेत. पहिला कागद स्वतंत्र आणि जाणकार वैद्याचा. त्यात लिहिलेले हवे की या माणसापासून कामाच्या जागी दुसऱ्याला मोठा धोका आहे, किंवा तो या कामाला योग्य नाही. दुसरा कागद मालकाचा. त्यात लिहिलेले हवे की याला सोय करून देणे आम्हाला का परवडत नाही.

पहिला कागद दिला नाही, तर कायदा धरून चालतो की धोका नाही आणि माणूस कामाला योग्य आहे. दुसरा दिला नाही, तर सोय करणे परवडते असे धरले जाते. पाहा, कागदाला केवढे मोल आहे! मालक आपल्याकडून राजीनाम्याचा एक कागद मागतो. कायदा मालकाकडे दोन कागद मागतो.

दवाखान्यांवर या कायद्याने आणखी एक जबाबदारी टाकली आहे. सुया, रक्त, पू यांच्याशी काम करणाऱ्यांना हातमोजे आणि इतर साधने द्यावीत. कशी काळजी घ्यायची ते शिकवावे. सुई टोचली तर लागण होऊ नये म्हणून लगेच औषध द्यावे. सुई टोचली तर लपवू नका. त्याच क्षणी सांगा. हे औषध जितके लवकर, तितके चांगले. तीन दिवस उलटल्यावर त्याचा उपयोग नाही. आणि बरोबर काम करणाऱ्यांनो, तुम्हीही लक्षात ठेवा. एका ताटात जेवल्याने, एका तांब्याने पाणी प्यायल्याने, हात धरल्याने ही लागण होत नाही. मालकाआधी पुष्कळदा सोबतीच डबा वेगळा करतात. ते आपण करू नये.

४. सरकारी दवाखाना असेल तर

सरकारच्या, महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या नोकरीत कायदा अधिक कडक आहे. औंधचे जिल्हा रुग्णालय राज्य सरकारचे आहे. पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय महापालिकेचे आहे. अशा जागी कायम नोकरीत असताना माणूस अधू झाला, तर त्याला काढता येत नाही. त्याचा दर्जाही उतरविता येत नाही. आधीचे काम जमत नसेल, तर त्याच पगारावर दुसरे काम द्यावे लागते. तशी जागा रिकामी नसेल, तर जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत त्याच्यासाठी जादा जागा धरावी लागते. अधूपणामुळे बढतीही नाकारता येत नाही.

हा नियम १९९५ च्या कायद्यातही होता. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा २००३ चा निकाल आहे. एसएसबी दलातील एका जवानाचा पाय कामावर असताना जखमी झाला आणि कापावा लागला. त्याला नोकरीतून काढून पेन्शन दिली. न्यायालयाने सांगितले की पेन्शन दिली म्हणून नोकरीचा हक्क बुडत नाही. त्याला जमेल असे काम, पहिल्याच पगारावर, दिले पाहिजे. सीमेवरच्या दलाला जो नियम लागू झाला, तो दवाखान्याला का लागू होणार नाही?

५. सोय म्हणजे काय?

कायद्यात शब्द आहे वाजवी सोय. वाजवी म्हणजे मालकाला झेपेल अशी. सोय म्हणजे चैन नव्हे.

कंबर गेलेल्या मावशीला रोगी उचलायला लावू नये, कपडे मोजायला आणि घड्या घालायला द्यावे. एका पायाने अधू मामाला तळमजल्यावरची ड्यूटी द्यावी. ऐकू कमी येणाऱ्या सिस्टरला तोंडी हुकूम न देता लिहून द्यावेत. ज्याला रोज ठरल्या वेळी औषध घ्यावे लागते, त्याला रात्रपाळीतून मोकळीक द्यावी. बसायला एक स्टूल द्यावे. या सोयींना असा किती खर्च येतो?

परदेशातही हाच विचार चालतो. इंग्लंड-स्कॉटलंडकडे नोकरीच्या तक्रारींसाठी वेगळी न्यायाधिकरणे आहेत. तिकडचे सरकारी दवाखाने फार मोठे मालक आहेत आणि त्यांच्याविरुद्धही असे दावे तेथे चालतात. त्या देशातला एक निकाल आपल्याला चटकन समजेल. स्कॉटलंडमध्ये एक बाई नगरपालिकेच्या नोकरीत रस्ते झाडीत असे. १९९९ साली एका लहान शस्त्रक्रियेत घोटाळा झाला आणि तिला चालणे कठीण झाले. झाडू मारणे जमेना. बसून करायच्या कामासाठी तिने शंभराहून जास्त जागांना अर्ज केले. दर वेळी तिला इतरांबरोबर मुलाखतीला बसविले. जागा मिळाली नाही आणि शेवटी तिला काढले. २००४ साली तेथील सर्वांत वरच्या न्यायपीठाने सांगितले की सगळ्यांना एकाच मापाने मोजले म्हणजे न्याय होतो असे नाही. अधू झालेल्या नोकराला प्रसंगी मुलाखतीवाचूनही जमेल त्या जागी बसवावे लागेल. मग तिचे प्रकरण पुन्हा तपासायला पाठविले.

आणि कामाचे म्हणाल, तर आपल्या पंचक्रोशीत उदाहरणांना तोटा नाही. मुळा नदीपलीकडे खडकीला क्वीन मेरी तांत्रिक संस्था आहे. जखमी होऊन अधू झालेल्या जवानांना कामधंदा शिकविण्यासाठी ती १९१७ साली सुरू झाली. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जबर जखमी झाले. पुढे १९७२ साली जर्मनीत त्यांनी पोहण्यात भारताला पॅरालिम्पिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. त्यांना पुण्यात टेल्कोने नोकरी दिली होती. माणूस अधू झाला म्हणजे निकामी झाला, असे म्हणणाऱ्याला ही नावे सांगा.

मात्र एक गोष्ट आम्ही सरळ सांगतो. दवाखान्यात रोग्याचा जीव असतो. काही कामे अशी आहेत की तेथे चूक चालत नाही. ज्याचे हात थरथरतात त्याने शस्त्रक्रियेच्या खोलीत हत्यारे देऊ नयेत, हे आपणही मान्य करू. तेवढे काम बदलले तर तो भेदभाव नव्हे. पण तेवढ्यावरून माणसाला दवाखान्याच्याच बाहेर काढणे, ही वेगळी गोष्ट झाली. मालकाने हे कारण लेखी दाखविले पाहिजे.

६. खाजगी दवाखाना आणि ठेकेदार

खाजगी दवाखान्यात जागा बदलून देण्याचा नियम सरकारी नोकरीइतका कडक नाही, हेही खरे. पण तेथे मालकाला मोकळे रान आहे असे नव्हे. भेदभाव करू नये हा नियम त्यालाही आहे. प्रत्येक आस्थापनेने, म्हणजे नोकर ठेवणाऱ्या संस्थेने, समान संधीचे धोरण लिहून जाहीर करायचे असते. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे, जेथे २० किंवा जास्त माणसे कामाला आहेत, तेथे भेदभावाची तक्रार आली की मालकाने एक तर दाद द्यावी, नाहीतर हे वागणे योग्य कसे ते लेखी कळवावे. म्हणजे येथेही कागद आलाच.

ठेकेदाराकडून लागलेल्या माणसाची अडचण जास्त असते. ठेकेदार म्हणतो, दवाखान्याला विचारा. दवाखाना म्हणतो, ठेकेदाराला विचारा. अशा वेळी अर्ज दोघांनाही द्यावा. आपण त्या दवाखान्यात काम करतो याचा पुरावा जपून ठेवावा. ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी, बँकेचे पासबुक, हजेरीचा फोटो, यांतले जे असेल ते ठेवावे.

७. दाद कोठे मागावी?

आपल्याकडे इंग्लंडसारखे सगळ्यांसाठी एकच न्यायाधिकरण नाही. नोकरी कोणाची, त्यावर दार ठरते.

सरकारी किंवा महापालिकेचा दवाखाना असेल, तर तेथे तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असतो. त्याने तक्रार वहीत नोंदवून दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. समाधान झाले नाही तर जिल्हा पातळीवरच्या दिव्यांग समितीकडे जाता येते.

राज्य सरकारच्या नोकरांसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. ते १९९१ पासून आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे ते बसते.

खाजगी नोकरीतील कामगाराने आधी सरकारच्या कामगार कार्यालयात तक्रार द्यावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यामुळे जुन्या कामगार न्यायालयाच्या वाटा बदलत आहेत. मुदतही बदलली आहे. ऐकीव माहितीवर न बसता कार्यालयात जाऊन विचारावे. आणि उशीर करू नये.

एचआयव्हीच्या बाबतीत, २० किंवा जास्त माणसे असलेल्या दवाखान्याने तक्रार अधिकारी नेमला पाहिजे, असे कायदा सांगतो.

दिव्यांग कल्याण आयुक्तांचे कार्यालय आपल्या पुण्यातच आहे. कोणत्याही नोकरीतील दिव्यांगाला तेथे तक्रार देता येते. आयुक्त दोन्ही बाजूंना बोलावून घेतात, कागद तपासतात आणि शिफारस करतात. शिफारस मानायची नसेल, तर तीन महिन्यांत कारण कळवावे लागते. शिफारस म्हणजे न्यायालयाचा हुकूम नव्हे. तरी तिचे वजन असते.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो. त्यासाठी पुण्याच्या जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात जावे, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा.

८. ऑफिसात बोलावणे आले तर

एक. घाबरू नका. बरोबर युनियनचा माणूस किंवा एखादा वाचता येणारा सोबती न्या.

दोन. कागद हातात घ्या आणि सावकाश वाचा. "राजीनामा", "खुशीने", "स्वेच्छेने", "काही तक्रार नाही" हे शब्द शोधा. ते दिसले की सही करू नका. म्हणा, "साहेब, कागद घरी नेतो, वाचतो, उद्या सांगतो." असे म्हणणे हा उद्धटपणा नव्हे.

तीन. कोऱ्या कागदावर कधीच सही किंवा अंगठा देऊ नका.

चार. तोंडी काढले, तर त्याच दिवशी अर्ज लिहा की मला आज तोंडी काढले आहे, मी कामाला तयार आहे.

पाच. दबावाखाली सही झालीच असेल, तर दुसऱ्याच दिवशी लिहून कळवा की ही सही माझ्या खुशीची नव्हती, राजीनामा मी परत घेतो.

सहा. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती करा. एक द्या. दुसरीवर पोच म्हणून शिक्का आणि तारीख घ्या. पोच देत नसतील, तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा.

सोय मागण्याचा अर्ज असा लिहावा. वहीत दोनदा उतरवून काढा.

*प्रति,*
*वैद्यकीय अधीक्षक साहेब,*
*(दवाखान्याचे नाव)*

*विषय : कामात वाजवी सोय मिळण्याबाबत.*

*महोदय,*
*मी आपल्या दवाखान्यात (इतकी) वर्षे (या) कामावर आहे. (या तारखेपासून) मला (ही) अडचण झाली आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. मला काम करायचे आहे. (हे) काम मला पूर्वीसारखे जमते. (हे) काम जमत नाही. मला (ही) सोय मिळाली तर मी काम नीट करू शकेन. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ प्रमाणे ही सोय मिळावी. सोय देता येत नसेल, तर कारण लेखी कळवावे, ही विनंती.*

*आपला / आपली नम्र,*
*(सही, नाव, तारीख)*

या अर्जातले शेवटून दुसरे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे, "कायद्याप्रमाणे ही सोय मिळावी." आणि त्याच्या मागून येणारे "कारण लेखी कळवावे" हे त्याचे बळ आहे. तोंडी शब्द वाऱ्यावर जातो. लिहिलेला राहतो. म्हणून तर आपण या वयात पाटी हाती धरली आहे.

प्रश्न

१. नोकर अधू झाला, तर कायदा कोणते दोन प्रश्न विचारतो?
२. पुण्याच्या बाईला न्यायालयाने काय मिळवून दिले?
३. एचआयव्ही असलेल्या माणसाला काढायचे तर मालकाने कोणते दोन कागद द्यावे लागतात?
४. सरकारी दवाखान्यात जुने काम जमेनासे झाले, तर काय करावे लागते?
५. तुमच्या कामाच्या जागी एखादा अधू सोबती आहे का? त्याला कोणती सोय दिली तर काम सोपे होईल? चार ओळी लिहा.

शब्दांचे अर्थ

भेदभाव : एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरे, असे वागविणे.
वाजवी : योग्य, झेपेल असे.
आस्थापना : नोकर ठेवणारी संस्था किंवा कंपनी.
न्यायाधिकरण : ठराविक प्रकारचे दावे चालविणारे न्यायपीठ.
शिफारस : असे करावे, असे अधिकाऱ्याने सुचविणे.
पोच : कागद मिळाल्याची खूण.